मोझांबिकला शब्द, घाटनांदूरला सल्ला

२०२५ च्या भाऊबीजेला बहीण माहेरी आली, सोबत भाचा होता. पुण्यात एका वित्तसंस्थेत नोकरीला आहे, आकड्यांत हुशार आहे, आणि वाद घालताना आवाज चढवत नाही. ताटात वरण-भात आला तेव्हा मी सहज बोलून गेलो, "पोटभर खा, आपल्या वावरातली तूर आहे, मोझांबिकची नाही." मी गमतीनं बोललो होतो. त्याने ते गमतीवारी नेलं नाही.

"मोझांबिकची असती तरी काय बिघडलं असतं, मामा?"

मग जेवण बाजूला राहिलं. त्याचं म्हणणं असं: देशाला तूर कमी पडते, ती कुठून तरी आणावीच लागते. मोझांबिकशी झालेला करार हा गरीब शेतकऱ्यांच्या दोन देशांनी एकमेकांना दिलेला हात आहे. त्यातून शहरातल्या माणसाला डाळ परवडते, तिकडच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि भारताच्या तिथल्या गॅस-कोळशाच्या गुंतवणुकीला मैत्रीचं बळ मिळतं. मराठवाड्याने रडण्याऐवजी उत्पादकता वाढवावी. "तुमचं दुखणं भावनेचं आहे. एकदा हिशेब मांडा."

तो गेला, आणि मी हिशेब मांडायला बसलो. हा लेख म्हणजे तो हिशेब. भाच्याला उद्देशून असला तरी त्याच्या एकट्यासाठी नाही. असं बोलणारे फार झालेत, आणि त्यातले पुष्कळसे आमच्याच वावरातून शिकून वर गेलेले आहेत.

आधी आम्ही कुठे उभे आहोत ते सांगतो. घाटनांदूर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर. निजामाच्या काळातल्या परळी-विकाराबाद लाईनवर आमचं स्टेशन आहे. जमीन काळी, कुठे मुरमाड, बहुतेक पावसावरची. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं, हे इथलं ठरलेलं गणित. सोयाबीनने दिवाळी करायची आणि तुरीने उन्हाळा काढायचा. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या पावसाने पहिला अर्धा भाग धुऊन नेला. सखल वावरात पाणी साचलं, तिथली तूरही जळाली. उंचवट्यावरची तेवढी वाचली, आणि हे लिहितो आहे तेव्हा ती फुलोऱ्यात आहे. सकाळी ढग दिसला की शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या धास्तीने पोटात गोळा येतो.

आमची तूर फुलोऱ्यात असते तेव्हा त्यांची तूर जहाजात असते. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथलं पीक ऑगस्ट-सप्टेंबरात निघतं, नकाला आणि बैरा या बंदरांतून बाहेर पडतं, आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्या बंदरांवर उतरतं. म्हणजे डिसेंबरअखेर आमची काढणी सुरू होते तेव्हा मिलवाल्यांची गोदामं रिकामी नसतात. भाचा म्हणतो, तुटीच्या वेळी माल येतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तो माल नेमका आमच्या भावाच्या आधी येतो, हे त्याच्या आलेखात दिसत नाही.

आता कराराकडे येतो. ५ जुलै २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मोझांबिकबरोबरच्या डाळीच्या सामंजस्य कराराला मंजुरी दिली. दोनच दिवसांनी पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत होते. पाच वर्षांचा शब्द होता: २०१६-१७ मध्ये १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. आदल्या वर्षी, २०१५ च्या ऑक्टोबरात, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. दोन दुष्काळ पाठोपाठ पडले होते. परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सरकार घाबरलं, त्यात नवल नाही. नवल तारखेचं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत करार मंजूर होत होता, त्याच आठवड्यात इकडे आम्ही चाड्यावर मूठ धरून तूर पेरत होतो. दोनशे रुपये किलोची बातमी आम्हीही वाचलेली होती. बाजाराने हाक दिली आणि शेतकऱ्याने ओ दिली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच शहाणपण म्हणतात ना?

त्या ओ देण्याचं फळ काय मिळालं ते ऐक. २०१५-१६ ला देशात तूर झाली होती सुमारे २५ लाख टन. २०१६-१७ ला झाली ४८ लाख टनांच्या वर, जवळजवळ दुप्पट. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये होता. बाजारात चार हजारसुद्धा मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबली तेव्हा केंद्रांबाहेर ट्रॅक्टर-टेम्पोंच्या रांगा उभ्या होत्या. मीही अशाच एका रांगेत आठ दिवस काढले. रात्री पोत्यांवर झोपायचं, सकाळी चहाच्या टपरीवर तीच बातमी, आज पोती येणार, उद्या येणार. नवव्या दिवशी ट्रॅक्टर वळवला आणि आडतीवर तीन हजार आठशेनं तूर घातली. पट्टी अजून जपून ठेवली आहे. त्या दिवसांत एका बड्या नेत्याने तूर उत्पादकांबद्दल काय उद्गार काढले ते महाराष्ट्राला पाठ आहे, मी इथे लिहून कागद खराब करत नाही.

आणि भाच्या, यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट तर तुला माहीतच नसेल. ज्या महिन्यांत आमची तूर रस्त्यावर पडून होती त्या महिन्यांत ती परदेशी पाठवायला बंदी होती. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती, ती तुरीपुरती उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. म्हणजे आमचा माल घरातून निघून गेल्यावर. आयात पाच वर्षांच्या करारात बांधलेली, निर्यात कुलूपबंद, आणि वर व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा. या सगळ्याला तू 'दोन देशांमधला व्यापार' म्हणतोस. दार एकाच बाजूने उघडत असेल तर त्याला आमच्याकडे सापळा म्हणतात.

हे मी एकटाच म्हणत नाही. करार झाला त्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला होता: खरेदी युद्धपातळीवर करा, साठा उभारा, निर्यातबंदी आणि साठामर्यादा काढा, हमीभाव वाढवा. पीक येण्याच्या तीन महिने आधी दिलेला इशारा होता तो. निर्यातबंदी उठायला वर्ष गेलं. आयातीवर १० टक्के शुल्क लागलं मार्च २०१७ मध्ये, तोवर अर्धी तूर विकून झालेली होती. मंजुरी घेऊन मापुतो गाठायला दोन दिवस पुरले होते.

"पण मामा, तूट तर आहेच ना?" आहे. देशाची गरज ४५ लाख टनांच्या आसपास, आणि अलीकडच्या वर्षांत पीक निघतं ३४-३५ लाख टन. हा आकडा मी नाकारत नाही. मी एवढंच विचारतो की ४८ लाख टन पिकवून दाखवलेला शेतकरी ३४ लाखांवर का आला? त्याच्या जमिनीतला कस उडाला, की त्याचा विश्वास? २०१७ नंतर आमच्या शिवारात कितीतरी जणांनी सोयाबीनमधली तुरीची तासं कमी केली. ज्याच्याकडे विहिरीला पाणी होतं त्याने ऊस लावला. दुष्काळी बीड जिल्ह्यात ऊस वाढतो म्हणून शहरातले जाणकार आम्हालाच दोष देतात. त्यांनी उसाच्या आणि तुरीच्या पाठीशी उभे असलेले कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आहे. साखरेच्या आयातीवर २०१८ पासून १०० टक्के शुल्क आहे. तुरीवर २०२५ मध्ये शून्य. साखरेला कुणी म्हणत नाही की ब्राझीलशी स्पर्धा कर, उत्पादकता वाढव. हा उपदेश नेमका कोरडवाहू माणसाच्याच वाट्याला येतो. साखरेला विधानसभेत आवाज आहे. तुरीला शेंगाच तेवढ्या आहेत.

उत्पादकतेचं तर हसूच येतं. मोझांबिकचा शेतकरी माझ्यापेक्षा एकरी जास्त पिकवतो म्हणून त्याची तूर स्वस्त पडते, असं भाच्याला वाटतं. तसं काही नाही. नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतले तूर पिकवणारे शेतकरी छोटेच आहेत, बहुतेकांच्या हातात कुदळ आहे, पाऊस हाच त्यांचा पाटबंधारा. पोर्तुगीजमध्ये तुरीला तिकडे फेइजाओ बोएर म्हणतात, ती थोडीफार ते खातातही, पण मुख्यतः ती भारतासाठीच पिकते. घरात मागणी नसलेला माल मिळेल त्या भावाने निघतो, त्याच्या स्वस्ताईचं गुपित एवढंच. आणखी एक गंमत. हैदराबादजवळच्या पटणचेरूला इक्रिसॅट ही कडधान्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे, आमची लाईन विकाराबादवरून त्याच शहराकडे जाते. त्या संस्थेच्या पूर्व आफ्रिकेतल्या कामातून निघालेले तुरीचे वाण मोझांबिकात पेरले जातात. इकडे आमच्याकडे बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ आहे, पांढरी, लवकर येणारी, मर रोगाला दाद न देणारी. म्हणजे विज्ञान दोन्हीकडे पोचलं. पोचला नाही तो भाव.

म्हणून तिकडच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही, आणि ही गोष्ट मला माझ्या बाजूच्या लोकांनाही सुनवायची आहे. जानेवारी आला की आमच्याकडचे काही पुढारी तहसीलसमोर 'परदेशी तूर समुद्रात बुडवा' अशा घोषणा देतात आणि फेब्रुवारीत गप्प होतात. मोझांबिकचा शेतकरी लुटारू असल्यासारखं बोलतात. त्या माणसाचं काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. त्यानेही २०१५-१६ चा भाव ऐकला होता, त्यानेही आमच्यासारखीच जास्त तूर पेरली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातला वाटा त्यातून वगळला होता, पण बाकीचा माल कुणी घ्यायचा? तिकडे भाव कोसळला, तूर घरात पडून राहिली. त्याच वर्षी घाटनांदूरच्या आडतीवर मी तीन हजार आठशेनं विकत होतो. दोन देशांच्या मैत्रीची पहिली दोन वर्षं अशी गेली की दोन्ही टोकांचे शेतकरी एकाच वेळी बुडाले. या मैत्रीत मित्र कोण होते, हे शोधायला फार हुशारी लागत नाही. मधल्या जहाजावर ज्यांचा माल होता आणि दिल्लीत ज्यांच्या हाती तोटी होती, ते.

तोटी हा शब्द मी जाणून वापरतो. पुढच्या तारखा पाहा. १५ मे २०२१ ला तुरीची आयात मर्यादेतून काढून खुली केली. मे महिना म्हणजे आम्ही बियाण्याची चौकशी करत असतो, काय पेरायचं ते ठरवत असतो. त्याच वर्षी मोझांबिकचा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला, दरवर्षी २ लाख टन, २०२५-२६ पर्यंत. मलावीबरोबर ५० हजार टन, म्यानमारबरोबर १ लाख टन तूर, असे आणखी दोन शब्द दिले. मार्च २०२३ मध्ये उरलंसुरलं शुल्क काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क आणायला परवानगी दिली, कॅनडा-रशियातून तो येऊन बेसनात आणि हॉटेलच्या डाळीत शिरला. जानेवारी २०२५ मध्ये, आमची मळणी चालू असताना, तुरीच्या खुल्या आयातीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. २०२४-२५ मध्ये देशात ७० लाख टनांहून जास्त कडधान्य बाहेरून आलं, तोवरचं सगळ्यात जास्त. याला मी काय समजू? बाजार? बाजारात तरी माणूस भाव पाहून हालचाल करतो. इथे एका अधिसूचनेने आमचं वर्ष ठरतं, आणि ती कधी येणार हे आम्हाला पेरणीआधी कळत नाही.

आता ग्राहकाच्या फायद्याकडे वळतो, कारण भाच्याचा सगळ्यात जड मुद्दा तो आहे. त्याला मी हलक्यात काढणार नाही. आम्हीही डाळ खातोच.

२०२४ च्या सुरुवातीला मी तूर विकली ती क्विंटलला दहा हजारांच्या वर. २०२५ ला सात हजार दोनशेनं, हमीभाव ७,५५० असताना. घसरण साधारण ३,००० रुपयांची. माझी तूर ९ क्विंटल झाली होती, म्हणजे हातून गेले २७ हजार. (सगळी घसरण आयातीने झाली असं मी म्हणत नाही, पीकही आदल्या वर्षापेक्षा बरं होतं. पण बरं पीक आणि विक्रमी आयात एकाच वेळी आल्यावर दुसरं काय होणार?) आता दुसरी बाजू. एका क्विंटलातून ७० किलोच्या आसपास डाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल. म्हणजे माझी डाळ झाली ६३० किलो. महिन्याला ३ किलो खाणारी साडेसतरा कुटुंबं त्यावर वर्षभर जेवतील. दुकानात डाळ या काळात १७० वरून १२० वर आली, म्हणजे प्रत्येक कुटुंबाचे महिन्याला दीडशे रुपये वाचले, वर्षाला १,८००. सतरा-अठरा कुटुंबांचे मिळून तीस हजारांच्या थोडे वर.

आकडे कसे चपखल बसले बघ. शहरातल्या साडेसतरा घरांना जे मिळालं ते जवळपास माझ्या एका घरातून गेलं. हे अनुदान आहे. गरिबाला स्वस्त डाळ देऊ नये असं मी कुठे म्हणतो? खुशाल द्या, रेशनवर द्या, शाळेच्या खिचडीत द्या, तिजोरीतून द्या. तिजोरीत तुझा प्राप्तिकर आहे, कारखानदाराचा आहे, माझ्या डिझेलवरचा करही आहे. सगळ्यांनी मिळून उचललेलं ओझं मला मान्य आहे. आज ते पाच एकरवाल्याच्या खांद्यावर आहे, आणि ज्याच्या खांद्यावर आहे त्यालाच वर विचारलं जातं की तू स्पर्धा का करत नाहीस. तुझ्या पगारातून महिन्याला सव्वादोन हजार कापून ते सोसायटीतल्या सतरा घरांत वाटले, आणि तू तक्रार केल्यावर तुला 'भावनिक' म्हटलं, तर तुला कसं वाटेल? राग नको मानू.

मग भाच्याने गॅसचा मुद्दा काढला होता. दोन देशांच्या संबंधात डाळ हा छोटा हिस्सा, मोठं चित्र पाहा, वगैरे. पाहिलं. मोझांबिकच्या उत्तरेला रोवुमा खोऱ्यात जो अवाढव्य गॅसचा साठा आहे, त्यातल्या एका प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियमची उपकंपनी आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा गावावर अतिरेक्यांनी हल्ला केला आणि ते काम वर्षानुवर्षं ठप्प झालं. तेते प्रांतातली बेंगाची कोळसा खाण भारतीय सार्वजनिक कंपन्यांच्या संघाने २०१४ मध्ये घेतली. मोआतिझेची मोठी खाण आता जिंदाल घराण्यातल्या एका उद्योगाकडे आहे. संबंध तर याहून जुने आहेत. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, आणि दीवचे व्यापारी त्याही आधीपासून त्या किनाऱ्यावर होते. कापड जायचं, हस्तिदंत यायचं.

असू दे सगळं. गॅस लागतो, कोळसा लागतो, हिंदी महासागरात मित्र लागतात. पण गॅसच्या वाट्याची किंमत तुरीच्या शेतकऱ्याने का मोजायची, हे मला कुणी समजावून सांगावं. गुंतवणूक तेल कंपन्यांची, नफा झाला तर तो त्यांच्या ताळेबंदात, आणि मैत्री टिकवण्यासाठी द्यायचा नजराणा अंबाजोगाई तालुक्यातून. परराष्ट्र खात्याला तुरीची एवढीच गरज असेल तर त्याने आमच्याकडून हमीभावाने घेऊन मित्रांना भेट द्यावी.

आणि एवढं करून पुरवठ्याची शाश्वती तरी मिळाली का? २०२३ मध्ये देशात तूरडाळ दीडशेच्या वर गेली होती. करार होता, शुल्क शून्य होतं, दार सताड उघडं होतं. तरी मोझांबिकातल्या दोन निर्यातदारांच्या कोर्टकचेरीत माल नकाला बंदरात अडकून पडला. भारत सरकारला तिथल्या सरकारकडे शब्द टाकावा लागला. पाच वर्षांच्या कराराने बांधलेली तूर, आणि ऐन गरजेच्या वेळी ती एका बंदरावर कंटेनरमध्ये बसलेली. त्या वेळी मला २०१७ ची आठवण झाली. तेव्हा देशातलीच तूर देशातल्याच केंद्राबाहेर पोत्यांत बसलेली होती.

लातूर-उदगीरच्या दालमिलवाल्यांचं काय, असंही कुणी विचारील. बरोबर आहे, मिलला बारा महिने माल लागतो. बाजारात जाऊन बसा, नावंच ऐकू येतील: बर्माची लेमन, टांझानियाची अरुषा आणि मटवारा, मोझांबिकची गजरी. आख्खी तूर येते म्हणून भरडाईचं काम इथे राहतं, हमालाला मजुरी मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मिलवाला भाव पाहून घेतो, तो काही माझा जावई नाही की सासऱ्याचीच तूर घ्यावी.

भाच्याचा शेवटचा हुकमी पत्ता सरकारी होता. ११ ऑक्टोबर २०२५ ला डाळींच्या आत्मनिर्भरतेचं अभियान सुरू झालं, ११,४४० कोटींचं, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टनांचं उद्दिष्ट. तूर, उडीद, मसूर शेतकरी आणेल तेवढी चार वर्षं हमीभावाने घेणार. २०२५-२६ चा हमीभाव ८,०००. "आता तरी म्हणा ना चांगलं झालं!" मी म्हणतो. खरंच म्हणतो. २५ टक्के, ४० टक्के अशा खरेदीच्या मर्यादा वर्षानुवर्षं होत्या, त्या तुरीपुरत्या निघाल्या हे चांगलंच झालं. पण तूर घरात येते जानेवारीत, आणि खरेदी केंद्रावर काटा लागायला २०२५ मध्ये फेब्रुवारी उजाडला होता. त्याआधी नोंदणी, सातबारा, पीकपेरा, आधार, ओलावा बाराच्या आत, आणि पैसे खात्यावर कधी पडतील त्याची वाट. ज्याचं पीककर्ज थकलं आहे, ज्याच्या घरी माघात लग्न आहे, ज्याचं सोयाबीन या पावसात गेलं आहे, तो थांबत नाही. तो आडतीवर जातो. २०२५ च्या दिवाळीनंतर आडतीवर भाव होता साडेसहा हजारांच्या आगेमागे.

शिवाय दोन शब्दांची भाषा ताडून बघ. मोझांबिकला दिलेला शब्द टनांत आहे आणि वर्षांत आहे. पीक कमी असो, जास्त असो, भारतात भाव चढलेला असो, पडलेला असो, तो आकडा हलत नाही. आम्हाला दिलेला शब्द 'जेवढी आणाल तेवढी' असा आहे, ऐकायला केवढा मोठा! पण त्याच वेळी बिनशुल्क आयातीचं दार ३१ मार्च २०२६ पर्यंत उघडं ठेवलं. एका हाताने पेरा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, मग पडलेल्या भावाने आलेली तूर सरकारनेच हमीभावाने उचलायची. तिजोरीलाही हे परवडणारं नाही, आणि तिजोरीला परवडेनासं झालं की काय होतं ते आम्ही बारदान्याच्या रांगेत पाहिलं आहे.

आम्ही आयातबंदी मागत नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण लगेच तसा आरोप होतो. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की शुल्क आपोआप लागावं, वर गेला की आपोआप उतरावं, आणि हे सगळं मृगाच्या आधी जाहीर व्हावं, म्हणजे पेरताना माणसाला कळेल. निर्यात बारा महिने खुली असावी. अवघड आहे का? १ नोव्हेंबर २०२५ पासून पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागलं. जवळजवळ दोन वर्षं ढीग येऊन पडल्यावर लागलं, पण लागलं, एका अधिसूचनेने लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के शुल्क असंच एका रात्रीत उडालं होतं. म्हणजे हात चालतो. कुणासाठी कधी चालतो तेवढाच प्रश्न.

मोझांबिकबरोबरचा दुसरा पाच वर्षांचा करार २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचा होता. पुढे काय करायचं यावर दिल्लीत आणि मापुतोत बोलणी होतील. त्या टेबलाशी आयातदार असतील, निर्यातदार असतील, दोन्हीकडचे सचिव असतील, गॅसची फाइलही कुणाच्या तरी काखेत असेल. नांपुलाचा कुदळवाला नसेल, घाटनांदूरचा कुणी नसेल. कराराचा कागद दोन्ही शेतकऱ्यांना वाचता येईल अशा भाषेतसुद्धा नसेल, एकाला पोर्तुगीज-मकुवा हवी, दुसऱ्याला मराठी.

जाताना बहिणीने दहा किलो डाळ बांधून घेतली. गाडीच्या डिकीत ठेवताना भाच्याने विचारलं, "मामा, दुकानाच्या भावाने पैसे पाठवू का?" मामाच्या घरची डाळ, पैसे कसले घ्यायचे. पण तो प्रश्न त्याला सुचला, याचं मला बरं वाटलं. मी त्याला सांगितलं, पैसे राहू दे, मार्चअखेर फोन कर आणि मी तूर किती भावाने विकली ते विचार.